एकटे राहण्याची भीती : चिंगीचे प्रकरण

चिंगी ही पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहणारी देशी कुत्री. वय सुमारे चार वर्षे, वजन १७ किलो, नसबंदी झालेली, लसीकरण वेळच्या वेळी. घरची माणसे तिच्या वर्तनाबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे आली तेव्हा त्यांच्या हातात सोसायटीच्या चिटणिसांचे पत्र होते : कुत्री सकाळपासून ओरडते, खालच्या मजल्यावरील रहिवाशांना त्रास होतो, बंदोबस्त करावा. त्याशिवाय मुख्य दाराची चौकट खालून कुरतडली गेली होती, दाराजवळ रोज लघवी होत होती आणि चिंगीच्या पुढच्या पायांची दोन नखे मुळापासून रक्ताळली होती. कुटुंबाचा प्रश्न एकच होता : हिचे ओरडणे कसे थांबवायचे? मला मात्र त्या नखांनी जास्त अस्वस्थ केले, कारण नख उलटेपर्यंत लाकूड खरवडणारे जनावर खोडी करत नसते. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

चिंगी या घरात आली ती २०२० च्या टाळेबंदीत. पार्किंगमध्ये सापडलेले दीड-दोन महिन्यांचे पिल्लू मुलीने वर आणले आणि ते राहिले. त्या काळात सगळेच घरात होते. पुढे आई-वडिलांची कार्यालये सुरू झाली, मुलगी शाळेत जाऊ लागली, तरी आजी दिवसभर घरी असत. त्यांची पोथी, दुपारची झोप, चारचा चहा या सगळ्यात चिंगी त्यांच्या पायाशी असे. पिल्लूपणापासून पुढे इतकी वर्षे ती घरात एकटी अशी कधी राहिलीच नाही, ही गोष्ट कुटुंबाच्या लक्षातही आली नव्हती, आणि येण्याचे कारणही नव्हते. एकटे राहणे हे कुत्र्याला उपजत येत नाही. कुत्रा कळपात राहणारा प्राणी आहे. घर रिकामे झाले तरी माणसे परत येतात, हे त्याला लहानपणी थोड्या-थोड्या अनुभवातून शिकावे लागते. टाळेबंदीत वाढलेल्या अनेक पिल्लांचे हे शिकणे राहूनच गेले.

दिवाळीनंतर गुडघेदुखीमुळे आजी सांगलीला थोरल्या मुलाकडे राहायला गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, तिघेही एका स्वागतसमारंभाला गेले आणि चिंगी प्रथमच संध्याकाळी एकटी घरी राहिली. त्या रात्री सोसायटीच्या आवारात बराच वेळ फटाके वाजत होते. परत आल्यावर चौकटीवर दातांच्या पहिल्या खुणा दिसल्या. तेव्हापासून सकाळचे एकटेपणही तिला सोसेना. सेपरेशन अँग्झायटी, म्हणजे एकटे राहण्याची तीव्र भीती, असलेल्या कुत्र्यांमध्ये मोठ्या आवाजांची भीतीही पुष्कळदा आढळते. एका भीतीने दुसरीला खतपाणी मिळते. चिंगीच्या बाबतीत आजींची सोबत सुटणे आणि फटाके या दोन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात घडल्या. मी यालाच या प्रकरणाचे मूळ मानते.

निदान

घरात लघवी करणाऱ्या, ओरडणाऱ्या आणि वस्तू फाडणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सेपरेशन अँग्झायटी असते असे नाही, म्हणून आधी पशुवैद्यांकडून तपासणी करून घेतली. लघवीची चाचणी निर्दोष आली. कान, दात, सांधे यांत दुखण्याचे काही आढळले नाही. कंटाळ्याने केलेली नासधूस घरभर पसरलेली असते : चपला, उशा, सोफ्याचे कोपरे, रद्दीचा गठ्ठा. चिंगीने यांतील कशालाही तोंड लावलेले नव्हते. सगळे ओरखडे मुख्य दाराच्या चौकटीवर आणि सेफ्टी डोअरच्या कडीच्या बाजूला होते, म्हणजे जिथून माणसे बाहेर गेली तिथेच. शिवाय माणसे घरात असताना तिने कधी घरात लघवी केली नव्हती.

तरीही अंदाजावर थांबू नये. या विकाराचे निदान माणसे घरात नसतानाच्या चित्रीकरणावर होते, कारण आपण पाहतो ते फक्त मागे राहिलेले पसाऱ्याचे पुरावे. मुलीने जुना मोबाइल हॉलमधील शोकेसमध्ये उभा करून ठेवला आणि नेहमीसारखे सगळे बाहेर पडले. ते चित्रीकरण मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. आई डबा पिशवीत ठेवते तेव्हाच चिंगी वाडग्यातले खाणे सोडते. पर्सची चेन वाजताच ती धापा टाकू लागते. जानेवारीतील सकाळ आहे, उकाड्याचा प्रश्नच नाही. दार बंद होते. ती दाराला नाक लावून उभी राहते, कान लिफ्टच्या दिशेने वळलेले. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज विरतो आणि बारीक कुंईकुंई सुरू होते, ती तीन-चार मिनिटांत लांबलचक, मान वर करून काढलेल्या हेलांमध्ये बदलते. मग दारापासून बाल्कनीपर्यंत आणि परत, अशा फेऱ्या. हनुवटीवरून लाळेच्या तारा फरशीवर पडत राहतात. निघताना आईने ठेवलेली तूप लावलेली पोळी वाटेत पडलेली आहे. दर फेरीला ती तिच्यावरून जाते आणि एकदाही हुंगत नाही. अधूनमधून ती बसते, पण मान उभीच, आणि लिफ्ट हलली की पुन्हा पहिल्यापासून. साडेदहाला कामाच्या मावशी किल्लीने दार उघडतात. चिंगी त्यांच्याभोवती दोन-चार घिरट्या घालते, पाणी पिते आणि नंतर ती पोळी खाते.

त्या पोळीने दोन गोष्टी सांगितल्या. घाबरलेले कुत्रे खात नाही, हे एक. दुसरी गोष्ट उपचारासाठी जास्त मोलाची होती : चिंगीला आजीच हव्या होत्या किंवा आईच हवी होती असे नव्हते, कोणीही ओळखीचे माणूस घरात असले की पुरत होते. काही कुत्री एकाच माणसाच्या जाण्याने कासावीस होतात, आणि अशा वेळी सोबतीची व्यवस्था करणे फार कठीण जाते. इथे तो मार्ग मोकळा होता.

आधी झालेले उपाय

माझ्याकडे येण्यापूर्वी कुटुंबाने हातपाय हलवले नव्हते असे नाही. टीव्ही सुरू ठेवून पाहिला. फरक पडला नाही. आजींशी व्हिडिओ कॉल लावून दिला, तर त्यांचा आवाज ऐकून चिंगी फोनच्या मागे, मग दिवाणाखाली त्यांना शोधू लागली आणि अधिकच बेचैन झाली. बाल्कनीत बांधून ठेवले, तर तिने साखळीला हिसडे देऊन गळा सोलून घेतला. तिसऱ्या मजल्यावरील बाल्कनीत घाबरलेले कुत्रे ठेवणे हा जिवाशी खेळ आहे, तो पुन्हा करू नका असे मी पहिल्याच भेटीत सांगितले. पिंजरा आणला, तर जाळीवर तोंड घासून ओठ रक्ताळले. पिंजऱ्यात आनंदाने झोपणारी कुत्री असतात, पण एकटेपणाला घाबरणाऱ्या कुत्र्याला कोंडले की एका भीतीत दुसरी मिसळते.

रागावणेही झाले होते, आणि त्याबद्दल वडिलांचे म्हणणे ठाम होते : तिला सगळे कळते, आम्ही आलो की कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात बसते. हा समज जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मालकांना कधी खरी, कधी खोटी माहिती दिली गेली की त्यांच्या कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला. अपराधी वाटणारा तो चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावतो आहे का, यावर होता. चिंगीचे पडलेले कान हे कबुलीचे नव्हते, येणाऱ्या ओरड्याच्या धास्तीचे होते. याचा परिणाम असा झाला होता की, माणसे गेली की भीती होतीच, आता माणसे परत येण्याचीही भीती तिच्या दिवसात शिरली होती. हे समजल्यावर वडील बराच वेळ गप्प राहिले, आणि त्यानंतर त्या घरात चिंगीवर कोणी आवाज चढवला नाही.

शेजाऱ्यांनी सुचवलेला, भुंकल्यावर झटका देणारा पट्टा वापरायला मी स्पष्ट नकार दिला. आवाज कदाचित बंद झाला असता; भीती आहे तिथेच राहिली असती, वर वेदना. दुसरे कुत्रे आणण्याचा विचारही मी थांबवला, कारण चिंगीला माणसांची उणीव होती आणि दुसऱ्या कुत्र्याने ती भरून निघेल याची खात्री देता येत नाही. सकाळचा फेरफटका वाढवणे चांगलेच, पण दमलेले कुत्रेही घाबरू शकते.

उपचार

उपचाराचा पाया ऐकायला सोपा आणि पाळायला अवघड आहे : शिकवणी चालू असेपर्यंत कुत्र्याला त्याच्या सहनशक्तीपलीकडे एकटे ठेवायचे नाही. एक दिवसही नाही. पोहायला घाबरणाऱ्या मुलाला विहिरीत ढकलून काही मुले पोहायला शिकली असतीलही, पण कित्येकांनी पाण्याचा कायमचा धसका घेतला. रोज पाच मिनिटांचा सराव करून नंतर कुत्र्याला चार तास एकटे सोडले, तर त्या चार तासांत सराव वाहून जातो. माझ्या अनुभवात बहुतेक घरांचे प्रयत्न इथेच फसतात, आणि दोष मात्र कुत्र्याच्या स्वभावाला दिला जातो.

म्हणून पहिले काम वेळापत्रकाचे झाले. वडिलांनी आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागून घेतले. मावशींनी आपली वेळ अलीकडे आणली आणि काम संपल्यावरही थोडा वेळ थांबण्याचे, अर्थातच वाढीव पगारावर, कबूल केले. समोरच्या सदनिकेत एक निवृत्त शिक्षिका राहतात. मुलगी त्यांना काकू म्हणते. चिंगीला त्यांची सवय होती. उरलेले तास ती काकूंकडे राहू लागली. दुपारी दोनला मुलगी शाळेतून येई. चाळीतून सदनिकांमध्ये आलो तरी शेजार अजून शिल्लक आहे, आणि या उपचारात त्याचा उपयोग औषधाइतका होतो असे माझे मत आहे.

दुसरे काम औषधाचे. चित्रीकरणात दिसलेली तीव्रता आणि स्वतःला होणारी इजा पाहता पशुवैद्यांनी फ्लुओक्सेटिन हे चिंता कमी करणारे औषध सुरू केले. कुत्र्यांच्या सेपरेशन अँग्झायटीसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये मान्यता दिली, आणि दोन्ही औषधे वर्तनातील शिकवणीसोबत द्यायची आहेत. ही गुंगीची औषधे नाहीत. त्यांचा परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला भूक मंदावू शकते, तशी चिंगीची आठवडाभर मंदावली. फिट येणाऱ्या कुत्र्याला फ्लुओक्सेटिन देताना पशुवैद्य फार सावध असतात. एक धोका मात्र इथे थोडक्यात टळला. चिंगीला गोचिडांसाठी अमिट्राझच्या द्रावणाने अंघोळ घातली जात असे. अमिट्राझ आणि फ्लुओक्सेटिन एकत्र आल्यास शरीरात सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाचे प्रमाण घातक पातळीवर जाऊ शकते. पशुवैद्यांनी विचारले म्हणून हे कळले. ती अंघोळ बंद करून गोचिडांवर दुसरे औषध दिले आणि मधे पुरेसे दिवस जाऊ देऊन मगच गोळी सुरू केली. आपल्याकडे गोचिडांचे औषध दुकानातून सहज आणले जाते आणि ते कोणी औषध म्हणून मोजत नाही, म्हणून हा तपशील मुद्दाम लिहिला. माणसासाठी आणलेली गोळी अंदाजाने कुत्र्याला देण्याचा विचारही करू नये. मात्रा वजनावर आणि तपासणीवर ठरते.

तिसरे काम दाराचे. सरावासाठी घरातील निघण्याची नेहमीची वेळ टाळून दुपार निवडली. पहिल्या दिवसांत कोणीच बाहेर गेले नाही : आई उठे, सेफ्टी डोअरची कडी काढे, पुन्हा लावे, येऊन बसे. चिंगीने मान उचलून पाहणे सोडले, तेव्हा दार उघडणे आले. मग उंबऱ्याबाहेर एक पाऊल. मग दार लोटून दोन सेकंद. दार बाहेरून बंद करून लॅच लागल्याचा खटका होणे ही चिंगीसाठी सगळ्यात कठीण पायरी ठरली, कारण तो खटका म्हणजे जाणे पक्के झाल्याची खूण होती. तिथे बरेच दिवस गेले, आणि मी जाऊ दिले.

बाहेरचा माणूस जिन्यात उभा राहून फोनवर हॉलमधील चित्र थेट पाहत असे. ओरडणे सुरू होण्याची वाट पाहायची नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगितले. तोवर उशीर झालेला असतो. आधीच्या खुणा बारीक असतात : ओठांवरून जीभ फिरणे, झोप आलेली नसताना जांभई, एक पुढचा पाय अर्धवट उचललेला, दाराकडे खिळलेली नजर, श्वासाची गती. यांतील दोन खुणा एकत्र दिसल्या की आत यायचे आणि पुढच्या वेळी वेळ कमी करायची. वेळ सरळ चढत्या क्रमानेही वाढवायची नाही. दहा सेकंद, चार, पंधरा, सात, वीस, असे खालीवर ठेवले की प्रत्येक वेळी आधीपेक्षा कठीणच होणार, हा अंदाज कुत्र्याच्या मनात बसत नाही. मुलीने या नोंदींसाठी शंभर पानी वही घातली होती, आणि त्या घरातील सर्वांत काटेकोर निरीक्षक तीच ठरली.

किल्ल्या, पर्स, बूट यांची भीती काढण्यासाठी दिवसभर उगाच किल्ल्या वाजवत राहावे असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी जपून वापरते. ज्या कुत्र्याला किल्ली म्हणजे संकट वाटते, त्याला दिवसातून पन्नास वेळा किल्ली ऐकवली तर ते दिवसभर कान टवकारूनच बसते. चिंगी लॅचच्या खटक्याला सरावली, त्यानंतर पर्स आणि डबा या गोष्टी एकेक करून सरावात मिसळल्या, आणि त्या सहज पचल्या. निघताना आणि आल्यावर अर्धा तास कुत्र्याकडे पाहूही नये, हा नियमही मी घातला नाही. शांतपणे ‘येते हं’ म्हणून जावे, आल्यावर मायेने हात फिरवावा. त्याने विकार बळावत नाही.

खाऊचा वापर मर्यादित ठेवला. रबरी खेळण्यात दही-भात भरून गोठवून देण्याची पद्धत चांगली आहे, पण अशा कुत्र्याच्या बाबतीत ती फसवी ठरू शकते : खाऊ असेपर्यंत लक्ष गुंतते आणि तो संपताच आपण एकटे आहोत हे ध्यानात येऊन घबराट उसळते. माणसे घरात असताना चिंगीला ते खेळणे मिळे. एकटे राहण्याच्या सरावात ते आले ते शेवटी, तेही तिने निवांत चाटले तरच.

अडथळे

औषधाचा परिणाम दिसू लागल्यावर सेकंदांची मिनिटे झाली. काही दिवस दहा मिनिटांच्या आसपास गाडी अडली. नंतर एका सोमवारी काकूंना ताप आला, मावशी रजेवर होत्या, वडिलांची टाळता न येणारी बैठक होती, आणि एवढ्याने काही होत नाही असे समजून चिंगीला दुपारपर्यंत एकटे ठेवले गेले. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटांनाही तिची जीभ ओठांवरून फिरू लागली. कुटुंब फार खचले. मी त्यांना एवढेच दाखवले की या वेळी परत मूळ जागी यायला आधीसारखा वेळ लागत नाही. शिकलेले पुसले जात नाही, दबते. तसेच झाले. त्यानंतर अडचणीच्या दिवसासाठी दिवसभर कुत्री सांभाळणाऱ्या एका ओळखीच्या बाईंची सोय आधीच करून ठेवली, आणि चिंगीला दोनदा तिथे नेऊन आणून जागा ओळखीची केली.

सोसायटीचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवावा लागला. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला, बहुमताने ठराव करूनही, पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. हे वडिलांनी चिटणिसांना ऐकवायचे ठरवले होते. माझा आग्रह असा की, कायदा खिशात असू द्यावा, पण आधी खालच्या घरी जावे. तिथे रुग्णालयात रात्रपाळी करणारी एक परिचारिका राहत होती; तिची झोप सकाळी नऊ ते दुपारी एक. तिचा त्रास खरा होता. वडिलांनी तिला चित्रीकरण दाखवले, काय उपाय चालले आहेत ते सांगितले आणि ते पूर्ण होईपर्यंत सकाळी चिंगी घरात एकटी राहणार नाही असा शब्द दिला. तो पाळला गेल्यामुळे तक्रार तिथेच थांबली, आणि पुढे चिंगी एखाद्या वेळी कुणकुणली तर परिचारिकाच फोन करून कळवू लागली. सरावाला त्याची मदतच झाली.

सद्यःस्थिती

एकटे राहण्यातला सर्वांत अवघड भाग पहिला अर्धा ते पाऊण तास असतो. चिंगी पाऊण तास शांत राहू लागली, तेव्हापासून वेळ पाच-पाच मिनिटांऐवजी पंधरा-वीस मिनिटांनी वाढवता आली. उन्हाळ्याच्या सुटीत मुलगी घरी असल्याने सरावाला सवड मिळाली. आज चिंगी साधारण चार तास एकटी राहते. अलीकडच्या चित्रीकरणात माणसे गेल्यावर ती काही क्षण दाराशी थांबते, दिवाणावर चढते, एका कुशीवर आडवी होते. लिफ्ट हलली की कान उचलते, डोके उचलत नाही. लघवी बंद झाली आहे, नखे भरून आली आहेत, चौकटीला नवी पट्टी बसवली आहे.

चारचे आठ तास करावेत अशी वडिलांची इच्छा होती. मी त्याला अनुकूल नाही. चार तासांनी कोणीतरी येणे या घराला जमते आहे आणि चिंगीला ते मानवते आहे. कार्यालयीन वेळापत्रकात बसावे म्हणून कुत्र्याला अधिक ताणावे असे मला वाटत नाही. औषध अजून सुरू आहे. काही महिने अशीच स्थिरता टिकली, तर पशुवैद्य ते आठवड्यांच्या अंतराने हळूहळू कमी करतील. एकाएकी बंद करणार नाहीत, आणि कमी करताना चित्रीकरण पुन्हा सुरू राहील. येत्या दिवाळीत लक्ष्मीपूजनापासून तुळशीच्या लग्नापर्यंत संध्याकाळी चिंगीला एकटे ठेवायचे नाही, हे कुटुंबाने आत्ताच ठरवले आहे. त्या दिवसांत आजीही पुण्याला यायच्या आहेत. त्या परत जातील त्यानंतरचा पंधरवडा सरावाची वेळ पुन्हा मिनिटांवर आणून तिथून वाढवायची, आणि फटाक्यांसाठी पशुवैद्यांनी सुचवलेले वेगळे औषध आधी एका साध्या दिवशी देऊन पाहायचे, असे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे.